तीन टिंबांची सोय

ज्या नाट्यगृहात पाय लांब केले की ते नटाला लागतात, तिथे परीक्षकाची निष्पक्षता हा गंभीर विषय असतो. दक्षिण लंडनमधल्या आमच्या पबच्या माडीवर असं एक नाट्यगृह आहे. खुर्च्या चाळीस, पैकी दोन खांबामागे (नाटककाराच्या नातेवाइकांसाठी राखीव). बाहेरची वाट रंगमंचावरूनच जात असल्याने नाटक अर्धवट सोडून सहसा कोणी जात नाही. एक गृहस्थ गेले होते. त्यांना टाळ्या पडल्या आणि दुसऱ्या प्रयोगापासून त्यांचं जाणं संहितेत घेण्यात आलं.

परीक्षणाचे नियम सोपे आहेत. नाटक कळलं नाही तर ‘धाडसी’ लिहावं. नाटककारालाही कळलेलं दिसत नसेल तर ‘अत्यंत धाडसी’. नंतर खाली तुम्हाला बिअर ओतून देणारा तरुण म्हणजे मघाशी तुमच्या मांडीवर मेलेला सैनिकच असतो. त्याला ‘केवढं पाठ केलंस रे’ एवढंच म्हणावं. उरलेलं काम तीन टिंबं करतात. ‘कल्पनाशून्यतेचा थक्क करणारा नमुना’ असं छापून आलं, की पोस्टरवर ‘…थक्क करणारा नमुना’ लागतो. यात खोटं काही नसतं. फक्त कमी असतं.

माझे वडील, डेस्मंड पार्जिटर, स्थानिक साप्ताहिकात आयुष्यभर अशी वाक्यं लिहीत आले, की कुठूनही कापली तरी ती वाईटच राहत. एकदा त्यांचं संपूर्ण परीक्षण ‘नाही’ एवढंच होतं. फेब्रुवारीत ते गेले. संपादकांनी त्यांची खुर्ची मला दिली, कारण ती गळक्या छताखाली होती आणि दुसऱ्या कोणाला नको होती.

परीक्षक म्हणून माझं पहिलं नाटक ‘बर्फाचं कपाट’. दिग्दर्शिका फिनेला जिन्यातच भेटली. पबच्या मालकाला माडीवर योगवर्ग हवे होते. हे नाटक चाललं नाही तर नाट्यगृह बंद होणार होतं. तिने परीक्षणाखाली छापतात ते तारे मागितले नाहीत.

“एक विशेषण दे गं पोरी, कसलंही,” ती म्हणाली. “तुझ्या बापाने जन्मात दिलं नाही.”

नाटक वाईट होतं. दुसऱ्या अंकात कपाट बोलू लागलं (धाडसी). मग एका म्हाताऱ्याला कोटाची दुसरी बाही सापडेना. त्याचा हात पाठीमागे चाचपडत राहिला आणि मदतीला कोणी आलं नाही. ही चूकच होती. त्याच्या मुलीचं काम करणारी नटी खाली गिऱ्हाइकांत अडकली होती.

मी प्रामाणिकपणे लिहिलं: ‘मी रडले, पण नाटकामुळे नाही.’ तारा एक.

शुक्रवारी पोस्टर लागलं: ‘मी रडले… नाटकामुळे…’ पार्जिटरांच्या घरातलं कोणी रडलं म्हटल्यावर अख्खा परिसर लोटला.

मी तक्रार घेऊन गेले. फिनेलाने शांतपणे ऐकून घेतलं.

“मग कशामुळे रडलीस ते सांग. तसं छापते.”

मी पोस्टरचा सुटलेला कोपरा दाबून बसवला.

“राहू दे,” मी म्हणाले.

योगवर्ग आता दुसऱ्या पबात भरतात. नटीला त्या प्रवेशात मुद्दाम खाली थांबवतात. माडी रोज भरते, लोक बाहीपाशी रडतात, आणि नाटक वाईट आहे असं अजून एकाही प्रेक्षकाने म्हटलेलं नाही.

वाचकांना सूचना: वडील गेल्याचं वाचल्यापासून तुम्हीही या मजकुराला मनातल्या मनात एक तारा वाढवून दिला आहे. तो काढून घ्यायला माझी हरकत नाही. बहुतेकांना तसं करायची लाज वाटते, आणि आमची माडी त्या लाजेवरच चालते.