अप्पांचा खुला बाजार

आमचे शेजारी अप्पा सुभेदार म्हणून फौजेतून रिटायर झाले. पलूसला त्यांच्या फाटकातून कुणाची कोंबडी जरी आत शिरली, तरी ते कर्कश शिट्टी फुंकतात. आणि हाच माणूस रोज सकाळी डेअरीच्या ओट्यावर उभा राहून ओरडायचा, "बाजार खुला करा! परदेशी चीज येऊ द्या की!"

म्हशीवाल्यांच्या रांगेत असं बोलायला छाती लागते. हातात स्वतःच्याच म्हशीच्या दुधाची किटली धरून बोलायला मात्र अक्कल गहाण टाकावी लागते, असं आमचे चेअरमन म्हणायचे.

"आवं अप्पा, भायेरचा माल आल्यावर आपलं दूध कोन घेनार?" मी विचारायचो.

"स्पर्धा, गड्या, स्पर्धा! भ्यालास व्हय?"

"मग आमच्या कोंबडीनं काय घोडं मारलंय?"

"त्यो सीमेचा प्रश्न हाय."



अप्पांचं खरं दुखणं अख्ख्या गावाला ठाऊक होतं. एकुलता एक मुलगा संदीप तिकडं युरोपात, चीजच्याच कारखान्यात कामाला. काकी गेल्यापासून अप्पा घरात एकटे. त्यांचं गणित सरळ होतं. बाजार खुला झाला की कंपनी इकडं येणार, आणि कंपनी आली की तिच्याबरोबर संदीप येणार. कारखान्यासाठी त्यांनी कालव्याकडची जागा ऊस न लावता मोकळी ठेवली होती. घराला एक खोली वाढवून तिच्यात कमोड बसवला होता. "सुनंला खाली बसाय जमंल, न जमंल," म्हणायचे. सून अजून ठरायची होती.

आणि एके दिवशी खरंच, परदेशी दूध कंपन्यांच्या संघटनेची माणसं आमच्या डेअरीत चर्चेला आली. गावानं कडाडून विरोध करायचा ठरवला होता. म्हणून आधी हलगी वाजवली, पाहुण्यांना फेटे बांधले, शाल-नारळ दिला, आणि मग विरोधाचं निवेदन वाचायला घेतलं. तेही चेअरमननी मध्येच थांबवलं, कारण पाहुण्यांचा चहा गार होत होता. त्यांच्यातल्या गोऱ्या बाई फेट्यात एवढ्या खुलल्या, की हा विरोध आहे हे दुभाष्याला त्यांना दोनदा सांगावं लागलं.

मग बाई बोलल्या. जकात कमी करा, दारं उघडा, दोघांचंही भलं होईल. टाळ्या एकट्या अप्पांच्या! ते कोटावर मेडलं लावून आले होते. ताडकन उठले.

"माजा पाठिंबा हाय!"

चेअरमननी कपाळावर हात मारला.

"फकस्त कारखाना कवा टाकताय, तेवढं सांगा. जागा तयार हाय. आमचं पोरगं तुमच्यातच हाय."

बाई हसून बराच वेळ बोलल्या. दुभाष्या मात्र खाली बघत म्हणाला, "इथं कारखाना काढायचा विचार नाही म्हणतात. माल तिकडंच बनणार. इथला बाजार उघडला की तिकडच्या कामगारांना आणखी काम मिळेल. तुमच्या मुलाची नोकरी पक्की होईल, काळजी करू नका."

अप्पा उभेच राहिले.

"मंजी माल येनार," ते हळूच म्हणाले, "आन् पोरगं तिकडंच ऱ्हानार."

मला त्या बाईंचा भयंकर राग आला. खरं तर बिचारीचं काहीच चुकलं नव्हतं.

निघताना पाहुण्यांनी चीजची पाकिटं वाटली. "साबन हाय ह्यो, साबन!" असं म्हणत आमच्या मंडळींनी ती तिथंच फस्त केली. अप्पांनी आपलं पाकीट माझ्यापुढं धरलं. "गाव कंचं लिवलंय, बघ रं." मी वाचलं. संदीपच्याच कारखान्याचं गाव होतं ते.

अप्पांनी रुमाल काढला, त्यात पाकीट नीट गुंडाळलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"आवं अप्पा, खावा की," मी म्हटलं. "पोराच्या हातचं आसंल."

"व्हय," अप्पा म्हणाले. "खाल्लं की संपंल रं."