साडेबाराचं विमान

आमचे शेजारी ढोले काका रोज दुपारी साडेबाराला मोजे-बूट चढवतात, घरातल्या घरात पाच पावलं चालतात, खुर्चीत बसून जुन्या पँटचा पट्टा कमरेभोवती आवळतात आणि मुंबईहून नागपूरला येतात. मुंबईला जातात कधी, हे यवतमाळात अजून कोणी पाहिलेलं नाही. मी एकदा विचारलंही. म्हणाले, "तिथं जाऊन काय करू बाप्पा? आपलं कोन हाय तिथं?"

हा सगळा प्रवास संगणकावर होतो. विमान उडवायच्या त्या खेळात नवी चकचकीत विमानं आयतीच मिळतात, पण काकांना ती चालत नाहीत. त्यांना हवं शेपटापाशी दोन इंजिनं असलेलं, खरं तर कधीच भंगारात गेलेलं प्रवासी विमान. असली जुनी विमानं हौशी लोक बनवून देतात, त्यांना अ‍ॅड-ऑन म्हणतात. काकांनी त्या एकाच विमानाचे सात अ‍ॅड-ऑन आणले आणि सहा नापास केले.

नापास करणं हा तर त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. काका सरकारी खरेदीत कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते. बैलगाडीत हात खुपसायचा, चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत ओढायचा आणि एका शब्दात समोरच्या शेतकऱ्याचं तोंड उतरवायचं. निवृत्त झाले तरी हात राहत नाही. माझ्या सासुरवाडीहून आलेल्या गादीच्या शिवणीत बोट घालून त्यांनी चार पाहुण्यांदेखत शेरा दिला, "ओलावा हाय."

सातवा अ‍ॅड-ऑन पास झाला तो आवाजावर. चित्रं मात्र त्यांनी अगदी खालच्या दर्जावर ठेवलेली. पडद्यावर हिरवे-तपकिरी चौकोन आणि वर बोटभर धूळ. "काका, निदान पडदा तरी पुसा."

"चित्र पाह्याचं असन त कॅलेंडर पाय. इमान आयकाचं असते."

दोनपैकी एक स्पीकर दाराच्या पडद्याआड, आतल्या खोलीत. तिथं काकू खाटेवर बसून वाती वळत असतात. साखरेनं त्यांची नजर गेली, त्याला सहा वर्षं झाली. या माउलीच्या कानाशी रोज दीड तास घरघर लावणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी मनातल्या मनात बरंच काही म्हणत असे.

दर रविवारी मला सहवैमानिक व्हावं लागे. काम एकच, "चाकं पाड" म्हटलं की एक बटण दाबायचं. उरलेला वेळ काकांच्या घोषणा ऐकायच्या. "उजव्या हाताले नेर गाव दिसून राह्यलं. वावरं पांढरेशुभ्र! पहिल्या नंबरचा कापूस हाय यंदा." ती कापसाची पडती वर्षं. अळीनं बोंडं खाल्लेली, उरल्याला भाव नाही. शिवाय महिना जूनचा, पेरणीही व्हायची होती. मी तसं म्हणालो, तर काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट माझं बटण सांभाळलं.

दोनला भारनियमन. वीज जायच्या आत काका हटकून उतरत. आमच्या एसटीलाही इतकी वेळेची चाड नाही.

एका रविवारी मात्र वीज पावणेदोनलाच गेली. विमान नुकतंच खाली येऊ लागलेलं. पडदा काळा, डोक्यावरचा पंखा थांबला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. उठू लागलो तर काकांनी मनगट धरलं.

"बस," ते कानाशी कुजबुजले. "साखरेची सुई टोचून झाली तिची, आता जेवाले पायजे. इमान उतरल्याबिगर जेवत नाही ते. माहेर सोनेगावचं, इमानतळाच्या भिंतीले लागून. लहानपनी डोक्यावरून हेच इमान जाये. बसाले कधी भेटलं नाही."

आणि काकांनी गाल फुगवून तोंडानं इंजिन सुरू केलं.

सरकारी खरेदीत कापूस नापास करण्यात जन्म गेलेला माणूस, पायात बूट, कमरेला पट्टा आणि तोंडानं घरघर. मला हसू आलं नाही, लाज वाटली. त्यांचा दम तुटायला लागला तेव्हा मी घरघर उचलली. ते घाम पुसत घोषणा देऊ लागले, "पट्टे बांधा. खाली सोनेगाव. तुमच्या घराच्या छपरावरचे कवेलू दिसून राह्यले..." मग मला खूण केली. मी खुर्चीशेजारच्या कणकेच्या डब्यावर दोन्ही हातांनी थाप मारून चाकं टेकवली, जराशी जोरातच.

सगळं शांत झालं.

"उतरलं का जी?" आतून आवाज आला.

"उतरलं वं. चाल, जेवून घे."

भिंत चाचपत काकू बाहेर आल्या. त्यांच्या हातात ताडाचा पंखा होता. वीज गेल्यापासून तो चालूच असणार. अंदाजानं त्या काकांपाशी थांबल्या आणि घामाघूम झालेल्या नवऱ्याला वारा घालू लागल्या.

"लय दुरून आले तुमी," काकू म्हणाल्या. "बसा आता. अन् त्या दुसऱ्या इंजिनालेबी ताट घ्या."