रुसवा पूर्वनोंदणी, आवृत्ती नववी

लग्न जुळवणं माणसांच्या हातात असतं आणि लावणं भटजींच्या. बिघडवणं मात्र फक्त जवळच्या नातलगांनाच जमतं. बाहेरच्या माणसाकडून हे काम मनासारखं होत नाही. दुर्दैव असं, की इतकं महत्त्वाचं खातं आजवर सर्वस्वी असंघटित राहिलं. कोण, कधी, कशावरून रुसणार याची आगाऊ नोंद नाही, वेळापत्रक नाही, पोच नाही. ऐन पंगतीत एखादे ज्येष्ठ जावई ताटावरून उठायचे आणि वाढपी हातात आमटीची बादली घेऊन त्यांच्यामागे धावायचे.

ही अनागोंदी संपवण्याचा मान बुऱ्हाणपूरच्या रोहिणी कडूकडे जातो.

रोहिणी तिथल्या राजपुऱ्यात एका चपलांच्या दुकानाच्या वर बसून लोकांच्या वेबसाइटींसाठी फॉर्म बनवायची. दवाखान्याच्या नंबराचे, शिकवणीच्या प्रवेशाचे, केळीच्या रोपांच्या मागणीचे. फॉर्म उत्तम झाला की भरणाऱ्याला तो भरल्याचं आठवतही नाही, असं तिचं मत होतं (त्यामुळे तिचं कौतुकही कोणाला आठवत नसे). तिचे वडील प्रवीण कडू नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेले. ज्याने जन्मभर कागद केला त्याच्याच पोटी बिनकागदी फॉर्म जन्माला यावेत, हे त्यांनी मोठ्या मनाने सोसलं होतं.

तिच्या भावाचं, अनिकेतचं, लग्न नेपानगरच्या हिमानीशी ठरलं आणि पेच उभा राहिला. कडूंच्या घरात नवरदेवाला पहिली हळद आत्या लावते. आत्या एकच, पार्वती, देडतलाईला दिलेली. तिचे यजमान भगवानराव, म्हणजे सगळ्यांचे फुफाजी, कडूंच्या वास्तुशांतीपासून रुसलेले होते. त्या दिवशी प्रवीणराव एवढंच म्हणाले होते, "जिजाजी, जरा सरका, कूलरची हवा अडून राहिली."

फुफाजी सरकले. सरकत सरकत थेट देडतलाईला पोचले, आत्यासकट. तेव्हापासून आत्या माहेरी आली नव्हती.

फुफाजींशिवाय आत्या नाही, आत्याशिवाय हळद नाही. एकट्या फुफाजींनाच "तुम्ही अजून रुसलात का?" असं विचारावं, तर तो दुसरा अपमान. म्हणून रोहिणीने न्यायाने सगळ्याच निमंत्रितांना विचारलं.

रुसवा पूर्वनोंदणी फॉर्म
(तारांकित रकाने अनिवार्य)

नाव \*
नातं \* (एकाहून अधिक असल्यास सर्वांत वरचढ ते निवडा)
रुसव्याचं कारण \*
○ पत्रिका व्हॉट्सॲपवर आली
○ पत्रिका हातात दिली, पण देणारा गाडीवरून उतरला नाही
○ पत्रिकेत नाव धाकट्याच्या खाली
○ 'जेवलात का?' हे जेवण झाल्यावर विचारलं
○ फोटोत फक्त खांदा
○ आता आठवत नाही, पण आहे
○ इतर (थोडक्यात लिहा)
मुदत \*: पंगतीपर्यंत / पाठवणीपर्यंत / पुढच्या पिढीला हस्तांतरणीय
होकाराआधी किती वेळा 'नाही' म्हणणार? \*
मनवायला कोणी यावं? \*

तळाशी गोपनीयतेची हमी: तुमची माहिती तिसऱ्या व्यक्तीला दिली जाणार नाही (चौथीला ती आपोआप कळते).

पहिल्या आवृत्तीला आलेले अर्ज: शून्य.

कारण प्रवीणरावांच्या मावशीने, धुरपदाबाईंनी, भाजी निवडता निवडता सांगितलं. "अगं येडी पोर! रुसलेलं माणूस स्वतः सांगते का? मग रुसून काय फायदा झाला? दुसऱ्यानं वळखायला पाहिजे."

"मग मावशीआजी, तुम्ही पण रुसल्या आहात?"

"मी कशाला रुसू? मला काय करायचंय? पण वळखलं कोनी?"

दुसऱ्या आवृत्तीत म्हणून 'दुसऱ्याच्या वतीने भरत आहे' अशी सोय आली, आणि बांध फुटला. निम्मे अर्ज बायकांनी नवऱ्यांच्या नावे भरले, निम्मे नवऱ्यांनी बायकांच्या. रुसव्याचा दर निमंत्रितांच्या एकशे बारा टक्के इतका समाधानकारक राहिला (काहींच्या वतीने दोघांनी भरले होते).

तिसरी आवृत्ती चांदनी गावच्या मोहितमुळे आली. हा रोहिणीचा चुलतभाऊ. त्याने नात्याचा रकाना रिकामा सोडला, तेव्हा फॉर्म लाल अक्षरांत म्हणाला, 'हे चूक आहे.'

"ताई, तुझा फॉर्म मला बोलून राहिला!" मोहित फोनवर ओरडला. "ते पण लाल अक्षरात! घरच्या माणसाशी असं बोलतात का यार? मी नाही येत लग्नाला, जा."

रोहिणीने सूचना बदलली: 'आपलं म्हणणं बरोबरच असणार. तरी एकदा नजर घालावी, ही लहान तोंडी विनंती.' शिवाय कारणांच्या यादीत 'हा फॉर्म' हे नवं कारण घातलं. दुपारपर्यंत ते एक्केचाळीस टक्क्यांनी पहिल्या क्रमांकावर होतं.

चौथ्या आवृत्तीत वर एक पट्टी आली: 'आपला रुसवा साठ टक्के पूर्ण झाला आहे.' लोक तिथे थांबून पाणी पिऊन येऊ लागले. इतक्या सुखाला लगेच संपवणार कोण? पाचवीत, आपण यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी ज्या फोटोंत आपल्याला कापलं आहे ते निवडायचे होते. एकही यंत्र आत शिरलं नाही. रोहिणीच्या काकू मात्र तिथून तासभर बाहेर आल्या नाहीत. सहावीत पोच आली: 'आपला रुसवा मिळाला. दखल घेतली आहे.'

ही पोच म्हणजे कळस होता. 'दखल' हा शब्द वाचून माणसं निवायची. मोबाइल शेजाऱ्यांना दाखवायची. "आमची दखल घेतली, तुमची आली का?" असं विचारायची. ज्यांना रुसायला काहीच नव्हतं त्यांची पंचाईत झाली. अनिकेतच्या मैत्रिणीने, वर्षाने, प्रामाणिकपणे 'कारण नाही' असं लिहिलं, तर फॉर्म उत्तरला: 'क्षमस्व, हा फॉर्म घरच्या माणसांसाठी आहे. केटरर यांनी फोन करावा.' वर्षा यावरून खरोखर रुसली. तिला पोच मिळाली. ती निवली.

सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त ज्याच्यासाठी हे रामायण मांडलं त्याचाच अर्ज नव्हता.

म्हणजे नव्हता असंही नाही. देडतलाईहून कोणीतरी रोज फॉर्म उघडत होतं, शेवटच्या प्रश्नापर्यंत येत होतं आणि निघून जात होतं. सातव्या आवृत्तीत रोहिणीने अक्षरं मोठी केली, बटण हिरवं केलं, हिंदीची सोय केली. पाहुणा तरीही शेवटच्या प्रश्नाशी येई आणि परते.

[या जागी निवेदक वाचकाला श्वास घेण्यासाठी एक रिकामा रकाना देत आहे: ________ ]

फॉर्मशास्त्र सांगतं, माणूस जिथे सोडून जातो तिथे दोष माणसाचा नसतो, प्रश्नाचा असतो. 'मनवायला कोणी यावं?' याच्या पर्यायांत रोहिणीची आई होती, दोन्ही काका होते, चांदनीचे सगळे होते, बँडवाला होता. प्रवीणराव नव्हते. ते आयोजक असल्याने त्यांना त्रास नको, असा तिने विचार केला होता.

आठव्या आवृत्तीत तिने वडिलांचं नाव घातलं, समतोलासाठी फुफाजींचंही. चहा थंड व्हायच्या आत अर्ज आला. कारण: इतर, कूलर. मुदत: हस्तांतरणीय. मनवायला: प्रवीण कडू.

ती उड्या मारत जिन्याकडे निघाली, तेवढ्यात खालोखाल दुसरा अर्ज आला. कारण: इतर, 'मी फक्त सरका म्हटलं होतं, हे ताटातली मावा जिलेबी टाकून गेले.' मुदत: हस्तांतरणीय. मनवायला: भगवानराव. अर्जदार: प्रवीण कडू. आजवर यादीत स्वतःचंच नाव नाही म्हणून तेही रुसून बसले होते.

आता यंत्रणेपुढे दोन वैध अर्ज होते आणि प्रत्येकाला दुसऱ्याने येऊन हवं होतं. सांगावं तर गोपनीयता मोडते. न सांगावं तर उद्या हळद. रोहिणीने फॉर्ममध्ये एकच सुधारणा केली. पोच बदलली. दोघांच्याही मोबाइलवर नववी आवृत्ती उमटली:

'दखल घेतली आहे. समोरची व्यक्ती आपल्याला मनवायला निघाली आहे.'

पुढचं काम रोहिणीने केलं नाही; ते रिवाजाने केलं. जावई दारी येणार म्हणजे सामोरं गेलंच पाहिजे, म्हणून प्रवीणरावांनी इस्त्रीचा सदरा चढवून गाडी काढली. तिकडे मेव्हणा दारी येणार आणि आपण ओसरीवर सापडणार, म्हणजे वाट बघत होतो असा अर्थ व्हायचा. म्हणून फुफाजींनीही आत्याला घेऊन गाडी काढली: कुठेतरी निघालेलं दिसणं भाग होतं.

केळीचे ट्रक चहाला थांबतात त्या टपरीवर दोन्ही गाड्या समोरासमोर थांबल्या.

"या, या! मला वाटलंच होतं तुम्ही येणार," प्रवीणराव म्हणाले.

"मी कुठे आलो? मी तर टायर बघायला निघालो होतो. तुम्हीच आले मनवायला."

"मी? मी जावयाला सामोरा आलो. मनवायला तुम्ही निघाले. माझ्याकडे पोच आहे."

"पोच माझ्याकडे पण आहे, सालेसाहेब!"

दोघांनी मोबाइल काढून एकमेकांच्या नाकाला लावले. चहावाल्याने दोन्ही पोचपावत्या वाचल्या आणि दोघेही खरे आहेत असा निकाल दिला. त्यामुळे भांडण वाढलं.

पार्वतीआत्या अजून गाडीतच बसून होती. तिच्या नावे एकही अर्ज नव्हता. सगळ्या आवृत्त्यांत तिची नोंद 'सोबत आलेली' एवढीच होती. ती गाडीतून उतरली, पिशवी घेऊन भावाच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि काच खाली करून म्हणाली, "चाल रे परवीन. हळद भिजवायची आहे. यांना टायर बघू दे."

फुफाजींनी टायर बघितलं. खालून, वरून, बाजूने बघितलं. मग म्हणाले, "हवा कमी वाटून राहिली. बुऱ्हाणपूरलाच भरावी लागेल."

दुसऱ्या दिवशी पहिली हळद आत्याच्या हाताची लागली. ती थोडी गालाला लागली आणि बरीचशी डोळ्यांत गेली, कारण आत्याला धड दिसत नव्हतं. प्रवीणराव आणि फुफाजी शेजारी बसून रडत नव्हते (दोघांनीही स्वतंत्रपणे तसं कळवलं आहे).

या यशानंतर पंचक्रोशीतून रोहिणीकडे रुसव्याच्या फॉर्मची मागणी येऊ लागली. प्रत्येक यजमान फोनवर आधी हसतो आणि मग आवाज उतरवून म्हणतो, "आमच्याकडे तसं कोणी नाही हो. एकच माणूस आहे." रोहिणी त्या माणसाचं नाव विचारून घेते. मग घरातल्या बाकीच्यांना वेगवेगळं फोन करून तेच विचारते. बाकीचे सगळे एकमताने एकच नाव सांगतात. आजवर एकाही घरात ते यजमानाने सांगितलेलं नाव निघालेलं नाही. ते यजमानाचंच निघालं आहे.

हे वाचताना तुमच्याही डोळ्यांसमोर एक नाव आलं, तुम्ही हसलात, आणि आता हे घरात मोठ्याने वाचून दाखवणार आहात. जरूर दाखवा. सगळे हसतील. मग चोरून तुमच्याकडे बघतील आणि कोणीतरी घाईघाईने विचारेल, तुम्ही चहा घेणार का.