खुर्चीवरून न उठता

"मी खुर्चीवरून न उठता अख्ख्या बाजारपेठेचे कंप्युटर सांभाळते!" असं ताई भेटेल त्याला सांगायच्या, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दातांचा दवाखाना, छापखाना, चष्म्याचं दुकान, दोन वकील, असे सगळे ताईंच्या मागच्या खोलीतल्या स्क्रीनवर हिरवे ठिपके होऊन बसलेले असत. कुठे प्रिंटर रुसला, कुणी नको तिथे क्लिक केलं, की ताई घरूनच त्या कंप्युटरमध्ये शिरायच्या आणि दुरुस्ती करून बाहेर पडायच्या.

गिऱ्हाइकांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. बोलणं व्हायचं ते स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, लिहून. त्या चौकटीत ताईंचा म्हणून जो फोटो होता, तो इंटरनेटवरून उचललेल्या एका हेडफोनवाल्या बाईचा. तिचे केस सरळ होते आणि ती हसत होती. ताईंचे केस कुरळे होते, आणि कामाच्या वेळी त्या हसत नसत.

दवाखान्याचा करार त्या आठवड्यात संपत होता. ताईंची निम्मी कमाई त्या करारावर. डॉक्टरांनी चौकटीत लिहिलं होतं, "एखादी मोठी कंपनी बघावी म्हणतो." करार गेला, तर ताईंना मोठ्या जाऊबाईंच्या टाइल्सच्या दुकानात बिलं फाडायला बसावं लागणार होतं. जाऊबाईंनी तिथली खुर्ची पुसूनही ठेवली होती!

"डॉक्टरांना दाखवतेच, सुरक्षितता कशाला म्हणतात!" ताई म्हणाल्या आणि त्यांनी नवा नियम केला. सगळ्या कंप्युटरांनी फक्त ठरवून दिलेल्यांशीच बोलायचं, बाकी सगळ्यांना दार बंद. ठरवून दिलेल्यांत त्यांनी बँका घातल्या, प्रिंटर घातले, वकिलांचा दारावरचा कॅमेरासुद्धा घातला. बटण दाबलं.

एकेक हिरवा ठिपका राखाडी झाला. घरातले दिवे कुणीतरी खोलीखोलीतून मालवत जावं, तसा.

ताई बघत राहिल्या. सगळे आठवणीने घातले होते. फक्त स्वतःला घालायचं राहिलं होतं!

आता कंप्युटर त्यांना ओळखत नव्हते. दवाखान्याचे एक्स-रे आणि अपॉइंटमेंटा ताईंच्याच यंत्रावर साठवलेल्या, म्हणजे तेही बंद. उपाय एकच: प्रत्येक ठिकाणी जाऊन, त्या कंप्युटरसमोर बसून, हाताने नियम काढायचा.

त्यांनी आधी दवाखान्यात फोन लावला.

"नमस्कार, मी तुमची कंप्युटरवाली ताई बोलतेय. जरा कंप्युटरवर—"

"आमच्या ताई फोन करत नाहीत!" रिसेप्शनिस्ट बाईंनी फोन आपटला.

बरोबरच होतं. 'कंप्युटरवाले बोलतोय असं कुणी म्हणालं की फोन आपटा' हा धडा ताईंनीच लिहून पाठवला होता. वैतागून त्यांनी मोबाइल टेबलावर भिरकावला, पर्स उचलली आणि धावल्या. सासरे आंघोळीला गेले होते. सवयीने ताईंनी मागे खोलीचं दार ओढून घेतलं. दारावर पाटी होती: काम चालू आहे, उघडू नये.

दवाखान्यात हलकल्लोळ चालला होता. आत एक गृहस्थ आ वासून पडलेले, आणि डॉक्टर ओरडत होते, "याचा एक्स-रे कुठंय? मी कुठला दात काढू?"

"मी ताई," ताई धापा टाकत म्हणाल्या. "मला फक्त या कंप्युटरसमोर बसू द्या."

रिसेप्शनिस्ट बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग स्क्रीनवरच्या फोटोकडे पाहिलं. "यांचे केस सरळ आहेत."

"तो फोटो माझा नाही हो! हे घ्या माझं ओळखपत्र!"

"ओळखपत्र खोटं असू शकतं. ताईंनी लिहिलंय. वॉचमनकाका, जरा इकडे या!"

"अहो, मग संकटकाळचा नंबर दिलाय ना मी, तिथे विचारा!"

तो नंबर घरचा होता. सासऱ्यांनी फोन उचलला. रिसेप्शनिस्ट बाईंनी स्पीकर लावला.

"सूनबाई? ती खोलीत आहे. दार बंद आहे, म्हणजे आहेच."

"बाबा, मी इथे आहे! मीच बोलतेय!"

"हल्ली कुणाचाही आवाज काढता येतो," सासरे शांतपणे म्हणाले. "सूनबाईनेच शिकवलंय मला. परवलीचा शब्द सांगा."

"गुलबक्षी!"

"तो मागच्या महिन्यातला. दर महिन्याला बदलायचा असतो. या महिन्यातला तिने मलाच अजून सांगितला नाही, तर तुम्हाला कुठून कळणार?"

"बाबा, दार उघडून बघा ना!"

"पाटी वाचता येते मला."

"मग माझ्या मोबाइलवर फोन लावा! नाही उचलणार मी!"

सासऱ्यांनी आपल्या मोबाइलवरून फोन लावला. बंद दाराआडून ताईंची रिंगटोन सगळ्या दवाखान्याला ऐकू आली.

"ऐकलंत?" सासरे विजयाने म्हणाले. "आत आहे. कामात असली की उचलत नाही. त्या बाईला सोडू नका!"

वॉचमनकाकांनी ताईंना प्रतीक्षालयात, सुजलेल्या गालांच्या दोन पेशंटांमध्ये बसवलं. डॉक्टर हातमोजे घालूनच बाहेर आले आणि त्यांनी सगळी हकिगत ऐकली.

"वा!" ते म्हणाले. "काय तयारी करून घेतलीय ताईंनी तुमच्याकडून! कुठली मोठी कंपनी एवढं करते? पुढची तीन वर्षं करार ताईंनाच. आत्ता कळवा त्यांना!"

"कळवतेय, पण मेसेजच जात नाही," रिसेप्शनिस्ट बाई म्हणाल्या.

"डॉक्टर, मला कळला!" ताई ओरडल्या. "मंजूर आहे!"

"गप्प बसा हो तुम्ही!"

तेवढ्यात फोन वाजला. पुन्हा सासरे होते, आणि आता त्यांचा आवाज कापत होता. अकराच्या चहाला सूनबाई बाहेर आली नाही. असं कधी झालं नव्हतं. तेव्हा जन्मात पहिल्यांदा त्यांनी पाटीचा हुकूम मोडून दार उघडलं.

"खुर्ची रिकामी आहे हो! मोबाइल टेबलावर पडलाय! मोबाइल सोडून ती पाणी प्यायलाही जात नाही. तिला पळवलंय कुणीतरी! त्या बाईला विचारा, माझ्या सुनेला कुठे ठेवलंय!"

सुजलेले दोन्ही गाल ताईंपासून जरा लांब सरकले. आतले गृहस्थही गळ्यातल्या रुमालासकट, आ वासलेलेच, दारात येऊन उभे राहिले.

"बिचाऱ्या ताई," डॉक्टर हळहळले. "सापडल्या रे सापडल्या की करार करून टाकू. कुणीतरी पोलिसांना फोन लावा."

ताई अर्धवट उठल्या. वॉचमनकाकांनी काठी आडवी धरली.

"बाई," ते म्हणाले, "खुर्चीवरून उठायचं काम नाही."