हैदरच्या शेडमधल्या गाड्या

निवडणूक संपली की कोणत्याही जबाबदार सरकारला सर्वात आधी दिसते ती राज्याची तिजोरी. हर्सूलच्या तात्यासाहेबांना सर्वात आधी दिसलं ते शेजारच्या हैदरच्या शेडचं शटर.

कारण असं, की मतदानाआधी सरकारला राज्यातल्या तमाम बायका आपल्या वाटत होत्या आणि दरमहा त्यांच्या खात्यात पैसे पडत होते. मतदानानंतर खर्च कमी करायचं ठरलं, आणि यातल्या काही बायकांच्या दारात चारचाकी उभी असते हे सरकारच्या एकाएकी लक्षात आलं. आता अंगणवाडीच्या लक्ष्मीबाई घरोघर फिरणार होत्या. गाडी दिसली की मोबाइलवर फोटो, आणि फोटो निघाला की त्या घरातल्या बाईचं नाव कमी. तात्यासाहेबांच्या अंगणात पांढरी गाडी होती. त्यांच्या बायकोच्या, द्वारकाबाईंच्या आयुष्यात नवऱ्याला हिशेब न देता खर्च करता येईल असा हा पहिलाच पैसा. तो सोडायची त्यांची तयारी नव्हती.

गाडी लपवणं अवघड नव्हतं. पण ज्या रविवारी लक्ष्मीबाई येणार, त्याच रविवारी चितेगावहून पुंजाराममामा यायचे होते. मामा मुलीचे. चिरंजीवांनी तिशी ओलांडली होती आणि आतापर्यंतची सगळी स्थळं चहा पिऊन परत गेली होती. हल्ली मुलीकडचे आधी मुलाचं घर पाहतात, मग गाडी पाहतात, आणि वेळ उरलाच तर मुलगा पाहतात. बायोडेटात ‘स्वतःची चारचाकी’ हे शब्द तात्यासाहेबांनी मुद्दाम ठळक करून घेतले होते.

एकीला गाडी दिसता कामा नये, दुसऱ्याला दिसलीच पाहिजे. तात्यासाहेबांनी बेत आखला. लक्ष्मीबाई सकाळी येऊन जातील, तोवर गाडी हैदरच्या शेडमध्ये. मामा दुपारी येतील, तेव्हा अंगणात. हैदर सुतारकाम करायचा. त्याच्या बायकोला, जाहेदालाही तेच पैसे मिळत होते, पण त्या घराला गाडीची धास्ती नव्हती. शनिवारी संध्याकाळी तात्यासाहेबांनी गाडी अगदी आत, भिंतीला टेकवून लावली आणि समाधानानं झोपले.

रविवारी लक्ष्मीबाईंनी गल्लीच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली आणि मामा सकाळीच आले. पोहे झाले, शेताची चौकशी झाली, बोअरला पाणी किती हेही झालं. मग मामांनी अंगणाकडं पाहत विचारलं, “गाडी दिसंना कुठं?”

तात्यासाहेबांनी चिरंजीवांना गाडी आणायला पाठवलं. ते परत आले आणि वडिलांच्या कानाशी लागले. तात्यासाहेब पाहुण्यांना “आलोच” म्हणून शेडवर धावले.

रात्रीतून सगळ्या गल्लीला तीच अक्कल सुचली होती. तात्यासाहेबांच्या गाडीपुढं आणखी चार गाड्या, एकीला एक चिकटून. आणि लक्ष्मीबाईंना कुणीच सापडू नये म्हणून चारही मालक घराला कुलूप लावून, चाव्या खिशात घालून गावाला गेलेले.

“आरं, सगळ्यांनाच कसं घेतलं तू?”

“मैं किसकू ना बोलूं, तात्यासाब?” हैदर म्हणाला. “तुमकू हां बोला, तो उनकू कैसा ना बोलूं?”

तात्यासाहेब घरी येऊन म्हणाले, गाडी सर्व्हिसिंगला गेली आहे.

“रविवारी?” मामांनी सुपारी कातरायची थांबवली. “मागल्या स्थळाची गाडीबी सर्व्हिसिंगलाच व्हती. ती सोयरीक आम्ही तितंच सोडली.”

एवढ्यात लक्ष्मीबाई आत आल्या. तात्यासाहेबांनी घाईघाईनं, या आपल्या गल्लीतल्याच, अशी ओळख करून दिली. मामांना बरंच झालं.

“बाई, तुम्ही गल्लीतल्या. खरं सांगा, यांच्याकडं गाडी हाय का?”

“मीबी तेच इचारायला आले,” लक्ष्मीबाई म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइल काढला.

तात्यासाहेब डोळ्यांनी बायकोला काहीतरी खुणावत होते. हो म्हण की नाही म्हण, हे त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नसावं. चिरंजीव आईकडं पाहत होते. द्वारकाबाईंनी एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा लक्ष्मीबाईंच्या मोबाइलकडं. मग पदर खोचला.

“हाय. चला, दाखवते.”

शटर वर गेलं. मामा हैदरच्या अर्धवट पलंगावर चढले, मान वेळावून आतपर्यंत पाहिलं आणि खाली उतरले. “पांढरी हाय. दिसली,” ते म्हणाले. “एवढी गाडी असून दाखवीत नायत. माणसं लई साधी हायेत.” सोयरीक तिथंच ठरली.

लक्ष्मीबाईंनी शटरमधून फोटो काढला. मोबाइलनं जागा ओळखली आणि पडद्यावर नाव आलं, जाहेदाचं.

“अहो, माझी गाडी हाय ती,” द्वारकाबाई म्हणाल्या. “माझं नाव घाला.”

“मला कळतंय, ताई. ॲपला नाय कळत. गाडी जितं उभी, त्या घरची. तुमच्या अंगणात आणा, मंग काढते.”

गाडी अंगणात आणायची तर पुढच्या चार काढायला हव्या होत्या. मालकांना फोन लावले. ते कुणीच उचलले नाहीत, कारण लक्ष्मीबाईच असतील असं प्रत्येकाला वाटलं. संध्याकाळी सगळे परतले, गाड्या बाहेर निघाल्या. तोवर लक्ष्मीबाईंचं हर्सूल संपलं होतं.

पुढच्या आठवड्यात द्वारकाबाई स्वतः जाहेदाला घेऊन कचेरीत गेल्या. चूक दुरुस्त करायची खिडकी बंद होती. तिथं बसणाऱ्या माणसाची जागा खर्चकपातीत गेली होती.

मुलाचं लग्न हळदीपासून वरातीपर्यंत व्यवस्थित पार पडलं. नवरानवरी पांढऱ्या गाडीतून आली. द्वारकाबाईंचे पैसे चालू राहिले, त्या चौघांच्या बायकांचेही राहिले. गल्लीतून एकच नाव कमी झालं. जाहेदाच्या नावापुढं शेरा होता, घरी पाच चारचाकी वाहने.

हैदरकडे एक सायकल आहे.