आडे सर लिस्बनला जातात

आमच्या शेजारच्या आडे सरांना किती वाजले असं विचारलं, तर ते आधी आपल्यालाच विचारतात, "कुठचे सांगू?"

सर दोन्ही हातांत घड्याळ घालतात. डाव्या हातात आमच्या आर्णीची वेळ असते. उजव्या हातात, ज्या शहरातल्या परिषदेने त्यांचा शोधनिबंध स्वीकारला असेल, तिथली. मी त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा उजव्या हातात प्राग होतं. मग नैरोबी आलं. मधे बरेच दिवस कोणीच काही स्वीकारलं नाही, तेव्हा सरांनी ते घड्याळ बंद करून ठेवलं, पण हातातून काढलं नाही. प्राग चालू होतं तेव्हा भाजीबाजारात मेथीची जुडी निवडता निवडता ते उजवा हात डोळ्यांजवळ नेत आणि मेथीवालीला सांगत, "प्रागले लोकं आता उठून राह्यले." मेथीवाली म्हणे, उठू द्या, तुम्ही जुडी घेता का ठेवता.

ती मेथी ताजी आहे म्हणाली, तर सर विचारत, "संदर्भ काय?" हा त्यांचा दुसरा गुण. डॉक्टरांनी मीठ कमी खा म्हटलं, संदर्भ काय. माझ्या बायकोने, मंदाने, चहात साखर घातली आहे असं सांगितलं, संदर्भ काय. मंदा म्हणते, या माणसाला कोणी मुलगी दिली नाही ते बरोबरच झालं. लग्नात भटजीलाही थांबवलं असतं.

सर कॉलेजात मराठी शिकवतात, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार. घड्याळावर त्यांचा जीव का, ते यावरून समजावं. घरात एकटेच. म्हातारी आई महागावच्या बाजूला तांड्यावर राहते. बंजारा समाजात आईला याडी म्हणतात, म्हणून आम्हीही तिला याडीच म्हणतो. सरांनी उभं आयुष्य तांड्यातांड्यावर फिरून बायकांची गाणी गोळा केली. मुलगी सासरी निघते तेव्हा आईच्या, मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडते, आणि ते रडणं गाण्यातून रडते. त्याला ढावलो म्हणतात. मुलींना ते आधी शिकावं लागतं. याडी त्यातली उस्ताद. आसपासच्या कितीतरी तांड्यांवरच्या मुलींना तिने रडायला शिकवलं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. जन्मभर जगाचा नकाशा भिंतीवर टांगला आणि उतरवला, पण स्वतः नागपूरच्या पुढे गेलो तो एकदाच, तिरुपतीला, तोही बहुतेक झोपेत. त्यामुळे परदेशी निघालेला शेजारी म्हणून मला सरांचा अभिमान होता. फक्त ते निघत नव्हते.

निबंध स्वीकारला जातो, त्यात काही विशेष नाही, असं सरच सांगत. अडचण पुढे असते. विमानाचं भाडं कोण देणार? "सायन्सवाल्यायचं बरं हाये, गुरुजी," सर मला म्हणायचे. "त्यायचं यंत्र मोडते, मंग पैसे भेटते. माह्यं काय मोडते?" तरी प्रवासनिधी देणाऱ्या संस्था असतात, आणि त्या सगळ्यांना सरांनी अर्ज केलेले. एका संस्थेचा निधी तरुण संशोधकांना, दुसरीचा ज्येष्ठांना. सर पन्नाशीच्या अलीकडे. ते म्हणत, तरुण व्हायला उशीर झाला आणि म्हातारा व्हायला वेळ आहे, तोवर मी अटीत बसत नाही. तिसऱ्या संस्थेने कळवलं की यापूर्वी परदेशात निबंध वाचलेल्यांनाच प्राधान्य. चौथीने अर्धं भाडं मंजूर केलं. सर ते पत्र घेऊन माझ्याकडे आले आणि भूगोलाचा माणूस म्हणून मला त्यांनी गंभीरपणे विचारलं, "अर्ध्या रस्त्यात खाली जमीन हाये का पाणी?"

एकदा चिडून म्हणाले, "माह्ये पणजोबा लदेणीवर मीठ लादून अर्धा देश फिरले. शेकडो बैल. त्यायले कोणी विचारलं का, का मागच्या प्रवासाचं उपयोगिता प्रमाणपत्र कुठं हाये?"

मंदा म्हणाली, मग तुम्हीही बैलावरच जा.

मधल्या काळात त्यांना वाटलं की आधी एखादा पुरस्कार असावा, म्हणजे अर्जाला वजन येईल. तसा पुरस्कार लवकरच फोनवर मिळाला. यवतमाळच्या एका लॉनवर राष्ट्रीय सोहळा होता. सर म्हणाले, गुरुजी, टाळ्या वाजवायला आपलं कोणी पाहिजे, चला. मी गेलो. लॉनवर शे-दीडशे लोक फेटे बांधून बसले होते आणि ते सगळेच पुरस्कारार्थी होते. प्रेक्षक मी एकटा. त्यामुळे एका रांगेने वर जायचं आणि बाकीच्या रांगांनी टाळ्या वाजवायच्या, अशी व्यवस्था होती. मी मात्र सगळ्यांसाठी वाजवल्या. तळहात लाल झाले. शेवटी एक ट्रॉफी उरली. आयोजकांनी इकडेतिकडे पाहिलं, बिनफेट्याचा मीच दिसलो. मला वर बोलावलं, नाव विचारलं आणि 'आदर्श संशोधक' करून टाकलं. संशोधन कशावर, असं निवेदकाने माइकवर विचारलं. मी घाबरून म्हणालो, मोसमी वारे. त्यावरही टाळ्या झाल्या. घरी आल्यावर मंदाने एवढंच विचारलं, "संदर्भ काय?"

आणि मग यंदा, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, लिस्बन आलं. निबंध स्वीकारला, आणि एका संस्थेने जाण्यायेण्याचं पूर्ण भाडंही मंजूर केलं. सरांनी उजव्या हातातलं घड्याळ लिस्बनच्या वेळेला लावलं आणि लगेच मला आणून दाखवलं.

आमच्याकडे माणूस निघायच्या आधी त्याचा फ्लेक्स निघतो. दुसऱ्या दिवशी चौकात सरांचा भला मोठा फोटो लागला, मागे विमान, बाजूला एक किल्ला, जो लिस्बनचा नव्हता. कॉलेजने शाल आणि नारळ दिला. प्राचार्य भाषणात तीन वेळा लंडन म्हणाले. पण सरांचं लक्ष कशातच नव्हतं. त्यांना एकच घाई होती, निघण्याआधी तांड्यावर जायची. माझ्या मोटरसायकलवर आम्ही गेलो. ऊन मी म्हणत होतं आणि सरांनी सत्कारातला ब्लेझर काढला नव्हता. मी काढा म्हटलं, तर म्हणाले, "असू द्या. निघालेला दिसलो पाहिजे."

तांड्यावर याडी दारातच उभी होती. एवढीशी बाई, हातभर बांगड्या, ओढणीला आरसे. सर खाली वाकले. तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले, डोकं खांद्यावर ठेवलं आणि गायला सुरुवात केली. मला शब्द कळत नव्हते. आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या, आधी हसल्या. एक जण दुसरीला, मलाही कळावं म्हणून मराठीत, म्हणाली, बाई गं, हा सासरी चालला का. कारण हे गाणं मुलींचं, मुलग्यासाठी ते कोणी गात नाही. पन्नाशीला आलेला माणूस, ब्लेझर घातलेला, घामाने निथळतोय, आणि नवरीसारखा आईच्या गळ्यात पडून उभा. मलाही हसू येत होतं. मग बायकांचं हसणं कमी झालं, एकीने पदर डोळ्याला लावला, आणि मी मोटरसायकल पुसायला लागलो. धूळ फार होती.

संध्याकाळी आर्णीला पोचलो आणि सरांनी मोबाइल पाहिला. परिषद आता ऑनलाइन होणार होती. सभागृहाची काही अडचण. सर्वांनी आपापल्या घरून निबंध वाचावा. प्रवास नसल्यामुळे प्रवासनिधी आपोआप रद्द.

मला वाटलं, सर आता कोणाला तरी शिव्या देतील. ते ओसरीवर बसले आणि म्हणाले, "गुरुजी, मी तुमच्याकडे राहू काय थोडे दिवस?"

मला कळेना. घर शेजारी असताना माझ्याकडे कशाला? तर ते लपणार होते. कॉलेजात त्यांच्या तांड्याची मुलं शिकतात. सर म्हणाले, मी इथे शिंकलो तर तासाभरात याडी तिथे विचारते, सर्दी झाली का. म्हणून परिषद संपेपर्यंत ते लिस्बनला असणार होते, आणि लिस्बन म्हणजे आमची मागची खोली.

तो आठवडा मी विसरणार नाही. सर बोलल्याप्रमाणे वागणारे, त्यामुळे ते तिथल्याच वेळेने राहायला लागले. आमचं दुपारचं जेवण व्हायचं तेव्हा ते पोहे मागत. आमच्या संध्याकाळी त्यांना दुपारची झोप लागे. खिडकीची फट उघडली की समोर चौकातला त्यांचाच फ्लेक्स दिसायचा. दूधवाल्याने त्यांना एकदा पाहिलंच. मंदाने सांगितलं, सरांचे भाऊ आहेत. दूधवाला म्हणाला, सर दिसायला बरे आहेत याच्यापेक्षा. सर आतून दुखावले.

याडीचा फोन येई, तेव्हा सर खोटं बोलत नसत. तिथे पाऊस आहे का, असं ती विचारायची. सर मोबाइलवर लिस्बनचं हवामान पाहून सांगायचे, तिथे पाऊस आहे. फोन ठेवून मला म्हणायचे, "मी खोटं नाई बोललो. फक्त संदर्भ देला."

निबंध मात्र वाचला. आमच्याच बैठकीत, ब्लेझर घालून, खाली पायजमा. पडद्यावर पाच चौकोन होते. एकात माणूस जेवत होता, एकात नुसतीच खुर्ची होती. सरांनी ढावलोबद्दल सांगितलं, इंग्रजीतून. वाचून झाल्यावर त्या जेवणाऱ्याने टाळ्या वाजवल्या. बस्स.

सर लॅपटॉप मिटून बसून राहिले. मंदाने चहा आणून ठेवला आणि तिचा धीर सुटला. ती म्हणाली, "सर, सांगून टाका ना याडीले आता. एक विमान नाई उडालं, त्यात कोनतं पाप झालं? कॉलेजची लाज तुमाले कधी वाटली नाई. मंग आईचीच काहून?"

सरांनी कप बाजूला सरकवला.

"वहिनी, आमच्या घरात पोरगी नाई," ते म्हणाले. "मले बहीण नाई, मी लगन केलं नाई. याडीनं दुनियेच्या पोरींले वाटे लावलं. रात-रात बसून शिकवलं. सोताच्या दारात तिले एक डाव बी गायले भेटलं नाई. मी पुण्याले चाललो तवा म्हटलं, याडी, माह्यासाठी गा. ती म्हने, पुण्याले तर तांड्याची पोट्टी कंपनीत जाते, त्यात कायले रडू? दिल्लीले चाललो तवा म्हने, दिल्लीले लोकं मोर्चात जाऊन परत येते. समुद्राच्या पल्याड जाशील, तवा गाईन. म्हनून अर्ज करत होतो. आता तिनं गाऊन टाकलं. आन मी गेलोच नाई."

चहा थंड झाला होता, तो मंदाने उचलून नेला आणि दुसरा ठेवला. मग मला म्हणाली, गाडीत पेट्रोल आहे का बघा.

सकाळी आम्ही निघालो. रस्ताभर सर मागे बसून वाक्यं जुळवत होते आणि खोडत होते. याडी ओट्यावर तूर पाखडत बसली होती. सर तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, त्यांच्या बंजारा बोलीत, म्हणजे गोरबोलीत, एका दमात. मला कळलं ते एवढंच की मधे दोनदा माझं नाव आलं.

याडीने सूप खाली ठेवलं. सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ती बोलली. सर ऐकत राहिले, आणि मी विचारलं तेव्हा त्यांनी खालच्या आवाजात मला मराठीत सांगितलं.

"म्हनते, बरं झालं. त्या दिवशी बाया हासत होत्या, मले लाज वाटून राह्यलती, नीट गाता नाई आलं. तो सराव धर. खरोखर जाशील तवा खरं गाईन." पुढचं याडीनेच मला मराठीत ऐकवलं, "पन म्हना त्याले, लवकर काढ कोनतं गाव. मी का इथं बसूनच राहनार हाव?"

तिने आम्हाला भाकर दिली, पिठलं दिलं. जेवण झाल्यावर सर ओट्यावरच बसले आणि मोबाइल काढून पुढच्या परिषदा शोधायला लागले. याडी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून सर एकेका शहराचं नाव मोठ्याने वाचत होते, आणि प्रत्येक नावाला ती विचारत होती, मधात पाणी लागते का.