बुधवारचं तळण

वेधशाळेच्या आचाऱ्यावर तीस कोटी प्रकाशवर्षं दूर असलेली एक दीर्घिका मंद केल्याचा आरोप आला, तेव्हा तो कांदे चिरत होता.

"मी?" त्याने सुरी खाली ठेवली. "मी तर सकाळपासून इथंच आहे."

टेकडीवरच्या त्या वेधशाळेत सगळे त्याला मामा म्हणत. आरोप करायला खुद्द संचालक आले होते आणि त्यांच्या मागे तोंड पाडून संशोधक ताई उभी होती, कारण आलेख तिचा होता. चार वर्षं ती एकाच दीर्घिकेच्या मागे लागली होती. त्या दीर्घिकेच्या पोटात एक अगडबंब कृष्णविवर होतं. भोवतालचा वायू त्यात पडता पडता तापायचा आणि झळकायचा. ही झळाळी कमीजास्त का होते, एवढंच ताईला शोधायचं होतं. पण निघालं भलतंच. दीर्घिका दर बुधवारी मंद होत होती.

"दीर्घिकेला बुधवार ठाऊक नसतो," संचालक म्हणाले. "बुधवार ठाऊक असतो तो तुमच्या कढईला."

"बुधवारी गाडी तेलाचे डबे आणते साहेब. तेल आलं की संध्याकाळी तळण. मी आल्यापासून हेच चाललंय."

"आणि तुमची चिमणी दुर्बिणीच्या घुमटाला खेटून! धूर वर गेला की दीर्घिका गुल."

तळण बंद झालं. पुढच्या गुरुवारी सकाळी ताईने आलेख पाहिला. दीर्घिका आदल्या रात्रीही मंद होती.

"मग वाफ असेल," संचालकांनी निदान केलं. त्या बुधवारी भात शिजला नाही, भाजी शिजली नाही, चहासुद्धा झाला नाही. सगळ्यांनी ब्रेड, काकडी आणि गाजर खाल्लं. ड्रायव्हरने तर काकडी टेबलावर आपटून विचारलं, की दीर्घिकेचं पोट भरलं असेल तर आमचंही बघा. दीर्घिका मंदच राहिली.

तिसऱ्या बुधवारी मामालाच सक्तीच्या रजेवर पाठवलं. दीर्घिकेत काडीचाही फरक पडला नाही. एखाद्याने इथे हात टेकले असते, पण संचालक शास्त्रज्ञ होते. ते म्हणाले, "बावीस वर्षांचा धूर चिमणीत साठलाय. तो सावकाश बाहेर पडतोय." लगेच त्यांनी बदलीचा हुकूम काढला. स्वयंपाकघराला कुलूप लागणार होतं, टेकडीवर रोज बाहेरून डबे येणार होते आणि सोमवारपासून मामा शहरातल्या कचेरीत फायली इकडून तिकडे नेणार होता.

मामाने कुणाशी वाद घातला नाही. शनिवारी दुपारी तो मुकाट्याने डबे पुसून पोत्यात भरत बसला. चूल त्याने स्वतःच्या हातांनी बांधली होती, मागच्या दारी दुधीचा वेल चढवला होता. त्याला फार वाईट वाटत होतं आणि ते दिसू नये म्हणून तो एकच डबा पुन्हा पुन्हा पुसत होता. ताई दारात येऊन उभी राहिली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"मामा, माझ्यामुळे झालं हो सगळं."

"तुझं काय चुकलं? दिसलं ते सांगितलंस. पण मला एक सांग, ती मंद झाली हे कळतं कसं? नुसतं बघून?"

"नाही. तिच्या शेजारी एक तारा आहे. त्याच्याशी तुलना करायची."

"तुलना कशाला? तिचं तिला बघावं."

"अहो, हवा रोज सारखी नसते ना. ढग, धूळ, धूर, जे काही मध्ये येईल ते दोघांवर सारखंच..."

 ताईचं तोंड उघडंच राहिलं.

"दोघांवर सारखंच ना?" मामाने डबा खाली ठेवला. "मग शेजाऱ्याला सोडून हिलाच कसा लागतो? माझा धूर काय माणूस बघून लागतो?"

ताई पळतच सुटली. तिच्या छायाचित्रांत आणखी दोन तारे होते. पण ते जरा अंधूक, म्हणून पहिल्याच वर्षी तिने त्यांना बाद करून एकट्या शेजाऱ्यावर भिस्त ठेवली होती. आता तिने त्या शेजाऱ्यालाच या दोघांशी ताडून पाहिलं. तो लबाड दर सात दिवसांनी फुगून उजळत होता, आणि त्याच्यापुढे दीर्घिका बिचारी मंद दिसत होती! नेमका बुधवार साधला, हा निव्वळ योगायोग.

जेवणघरात संचालक उशिराचं जेवत होते. जेवणाची वेळ एक ते दोन, पण ते कधी तीनला येत, कधी चारला, तर कधी दोनदा. ताईने आलेख त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि बराच वेळ एकच घास चावला.

"मग दीर्घिकेचं खरं कमीजास्त होणं?"

"आहे ना सर, पण त्याला वेळापत्रक नाही. वायू कधी थोडा पडतो, कधी एकदम लोंढा येतो. पडेल तशी झळाळी."

मामा दाराशी ऐकत होता. "म्हणजे साहेब," तो नम्रपणे म्हणाला, "तिथंही जेवायला वेळेवर येत नाहीत तर!"

संचालकांनी हुकूम फाडला. "चूक झाली," एवढंही ते म्हणाले, म्हणजे त्यांच्या मानाने पुष्कळच. मामाने डबे फळीवर परत लावले आणि ते लावताना त्याचे डोळे भरून आले, ते त्याने कांद्यावर ढकललं. कांदे तर अजून चिरायचेच होते.

बुधवारी संध्याकाळपर्यंत थांबायला कुणी तयार नव्हतं, म्हणून कढई दुपारीच चढली. एकच्या ठोक्याला सगळी वेधशाळा टेबलाशी हजर होती. संचालक उगवले तीन वाजून वीस मिनिटांनी. ताई अजून ताटाशीच होती, समाधानाने बोटं चाटत. संचालक तिच्या बाजूच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी हात चोळले.

मामाने त्यांच्यापुढे ताटली ठेवली. तिच्यात सोललेली एक काकडी होती.

"आणि तळण?"

"संपलं साहेब."

"संपलं? एवढं सगळं कुणी खाल्लं?"

मामाने ताईकडे न बघता फडकं खांद्यावर टाकलं.

"शेजाऱ्यानं."